नाव ठेवणे आणि नावे ठेवणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा एकच अट घातली : विषय परदेशातला चालेल, पण पुस्तकी नको. म्हणून मी असा विषय घेतला आहे की, त्यातली माणसे आपल्यापैकी पुष्कळजणींनी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाऊन आलेल्या इथे कितीजणी आहेत, हे हात वर करायला सांगून मोजायची गरज नाही. तिथे घरापुढचे गवत कापायला येणारा माणूस, भर उन्हात छपरावर खिळे ठोकणारे मजूर, हॉटेलात चादरी बदलणारी बाई, हे सगळे आपण पाहिलेले असतात. हे कोण, असे विचारले की मुले एका शब्दात सांगतात, "मेक्सिकन." आणि आपणही इकडे येऊन तसेच सांगतो.

त्यातला एखादा ग्वातेमालाचा असतो, एखादी एल साल्वादोरची असते, आणि एखाद्याचे घराणे तर अमेरिकेचे राज्य तिथवर पोचण्याच्या आधीपासून त्याच मुलखात नांदत आलेले असते. आपल्याकडे नाही का, दक्षिणेकडून जो कोणी मुंबईत आला तो 'मद्रासी'! तमिळ, मल्याळी, तेलुगू, कानडी, सगळे एकाच पिशवीत. त्यांना एकमेकांचे बोलणेदेखील कळत नसे, पण आपल्याला त्याचे काय! अमेरिकेतल्या ह्या लोकांच्या पिशवीवर 'हिस्पॅनिक' किंवा 'लॅटिनो' अशी चिठ्ठी लावलेली आहे. त्या चिठ्ठीचीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

ही पिशवी लहान नाही. २०२० च्या जनगणनेत तिथे हे लोक ६ कोटी २१ लाख भरले, म्हणजे शंभरांत जवळजवळ एकोणीस. हे सगळे कोठून आले असा प्रश्न आपल्या मनात येतो, पण सगळे 'आले' असे म्हणणेच चुकीचे आहे. १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको ह्यांचे युद्ध झाले. मेक्सिको हरला, आणि १८४८ च्या तहात त्याचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेला मिळाला. आजचा कॅलिफोर्निया, नेव्हाडा, न्यू मेक्सिको, ॲरिझोनाचा बहुतेक भाग, हे सगळे त्यातले. तिथल्या हजारो कुटुंबांनी घर सोडले नव्हते की ओटा सोडला नव्हता. रात्री मेक्सिकोत निजलेली माणसे सकाळी अमेरिकेत उठली म्हणा ना! पुढे १८९८ साली स्पेनशी युद्ध होऊन प्वेर्तो रिको हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ साली तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळाले. पण अर्धेच बरे का! बेटावर राहतात तोवर त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. तेच लोक उद्या न्यूयॉर्कला बिऱ्हाड केले की मत देऊ शकतात. क्यूबाचे लोक निराळे. १९५९ साली तिथे कास्त्रोची क्रांती झाली आणि त्यानंतर हजारोंनी मायामी गाठली. एकाची जमीन गेली, एकाचे बेट गेले, एकाचे राज्य गेले. आता ह्या तिघांना एकाच नावाने हाक मारली तर तिघे एकदम वळून पाहतील असे कसे म्हणावे?

आपल्या मराठीत एक गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. ह्या लोकांच्या बाबतीत दोन्ही कामे बहुधा एकाच हाताने झाली. १९३० च्या जनगणनेत सरकारने 'मेक्सिकन' हा एक वेगळा वंश म्हणून कागदावर घातला. तोवर कायद्याने हे लोक 'गोरे' धरले जात, कारण १८४८ च्या तहाने त्यांना नागरिकत्व दिलेले होते आणि त्या काळी गोऱ्यालाच ते सुखासुखी मिळे. मंदीचे दिवस होते. त्याच दशकात लाखो मेक्सिकनांना आगगाड्यांत आणि ट्रकांत बसवून सीमेपलीकडे पाठवण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेचीच नागरिक असलेली मुलेही पुष्कळ होती. पुढे मेक्सिकोच्या सरकारने आणि तिथल्या संघटनांनी आरडाओरडा केला तेव्हा १९४० च्या कागदावरून तो वंश नाहीसा झाला. कागदावर पुन्हा गोरे! पण कागदावर गोरे असणे वेगळे आणि शाळेच्या दारात गोरे असणे वेगळे. ह्याची एक हकिगत सविस्तर सांगते, कारण ती एका आत्याबाईंपासून सुरू होते.

कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर म्हणून एक गाव आहे. १९४४ सालच्या सुमारास तिथे मेंडेझ नावाचे कुटुंब शेती करायला आले. नवरा गोन्झालो मूळचा मेक्सिकोचा, बायको फेलिसितास प्वेर्तो रिकोची. शेत होते एका जपानी कुटुंबाचे. युद्ध चालू असल्यामुळे सरकारने त्या जपानी लोकांना छावणीत नेऊन ठेवले होते, म्हणून ते खंडाने मिळाले. एका नाडलेल्याच्या शेतावर दुसरा नाडलेला! शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा गोन्झालोची बहीण सोलेदाद विदाउरी आपली मुले आणि भावाची मुले बरोबर घेऊन जवळच्या शाळेत गेली. शाळेच्या बाईंनी तिची मुले पाहिली. रंगाने उजळ, आडनाव विदाउरी, ऐकायला फ्रेंच वाटावे असे. त्यांना घेते म्हणाल्या. भावाची मुले सावळी आणि आडनाव मेंडेझ. त्यांनी मेक्सिकन शाळेत जावे. सख्खी आतेमामे भावंडे, एकाच गाडीतून आलेली! आत्याबाईंनी काय केले असेल? आपल्यापैकी कोणीही केले असते तेच. सगळी पोरे परत घेऊन त्या तरातरा घरी आल्या.

ती मेक्सिकन शाळा कशी होती? सिल्व्हिया मेंडेझ तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. शेजारी गुरांचा गोठा असून जेवताना माश्या घोंघावत, असे ती पुढे मोठेपणी सांगत आली आहे. गोन्झालोने आधी अर्ज-विनंत्या केल्या, आणि मग १९४५ साली आणखी चार कुटुंबांसह चार शाळा-मंडळांवर दावा लावला. पाच हजार मुलांच्या वतीने हा दावा होता. साक्षीपुरावे गोळा करायला तो गावोगाव हिंडे, तेव्हा एवढी मोठी शेती फेलिसितास एकटी चालवी. इतिहासात ह्या खटल्याला नवऱ्याचे आडनाव लागलेले आहे. वेळेवर भाजी बाजारात पाठवून वकिलाची फी भागवणारी कोण, हे त्या नावात दिसत नाही. एवढे मात्र कोणी तरी म्हणायला हवे, म्हणून मी म्हटले.

न्यायालयात एक शाळा-अधिकारी म्हणाले की, मेक्सिकन मुले स्वच्छतेत आणि बुद्धीत कमी असतात, शिवाय त्यांना इंग्रजी येत नाही. त्यावर चौदा वर्षांच्या एका मुलीने साक्षीला उभे राहून स्वच्छ इंग्रजीत उत्तरे दिली. १९४६ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी निकाल मुलांच्या बाजूने दिला, आणि १९४७ साली वरच्या न्यायालयाने तो कायम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन ह्यांनी वेगळ्या शाळांचा कायदा रद्द केला. हेच वॉरन पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, आणि काळ्यांच्या व गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा १९५४ चा प्रसिद्ध निकाल त्यांच्याच न्यायालयाने दिला. म्हणजे आत्याबाईंच्या त्या तरातरा चालण्याचा पल्ला किती लांबचा होता पाहा! सिल्व्हिया पुढे परिचारिका झाली. नव्या शाळेतल्या पहिल्याच दिवशी एका मुलाने तिला टोचून बोलून रडवले. घरी आली तर आई म्हणाली की, आपण भांडलो ते कशासाठी हे तुला कळले नाही का? तिला वाटत होते, त्या शाळेचे क्रीडांगण चांगले आहे म्हणून भांडलो! २०११ साली तिला राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचे मोठे पदक मिळाले. फेलिसितास मात्र १९९८ सालीच वारली होती.

शाळेसारखेच न्यायालयाचेही. टेक्ससच्या एका जिल्ह्यात पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस ज्यूरीवर बसला नव्हता. सरकारचे म्हणणे असे की, हे लोक कायद्याने गोरेच आहेत, आणि ज्यूरीवर गोरे आहेतच, मग तक्रार कसली? तेव्हा त्यांच्या वकिलांनी दाखवून दिले की, त्याच न्यायालयाच्या आवारात पुरुषांसाठी दोन शौचालये आहेत, आणि त्यांतल्या एकावर काळ्यांसाठी असे इंग्रजीत लिहून खाली 'पुरुष इकडे' असे स्पॅनिशमध्ये लिहिले आहे. ह्यापुढे कोणती पोथी काढायची! १९५४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले.

आपल्या देशाचा एक धागाही इथे आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शंभरएक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात पंजाबी शेतकरी गेले. कायद्यामुळे त्यांना गावाकडून बायका आणता येईनात आणि गोऱ्या मुलीशी लग्न करता येईना. त्यांनी तिथल्या मेक्सिकन मुलींशी संसार मांडले. परवाना देणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांना दोघांचा रंग सारखाच दिसे, मग अडचण कसली! त्यांची मुले नावाने स्पॅनिश आणि आडनावाने सिंग. त्यांना कोणत्या पिशवीत घालावे, हे त्या कारकुनालाही सांगता आले नसते.

आता थोडे सिनेमाकडे वळते, नाहीतर मागच्या रांगेतल्या मुली जांभया देतील. १९६१ साली 'वेस्ट साइड स्टोरी' हा चित्रपट आला. न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकोच्या लोकांची त्यात गोष्ट. नायिकेचे काम कोणी केले? रशियन आईबापांची लेक नॅटली वूड हिने. तिच्या भावाचे काम ग्रीक वंशाच्या नटाने. प्वेर्तो रिकोत जन्मलेली एक ठळक नटी त्यात होती, रीटा मोरेनो. आणि तिच्यासह सगळ्यांच्या तोंडाला एकच गडद तपकिरी रंग फासला. ती म्हणे, आमच्या लोकांत गोरे, गव्हाळ, काळे सगळे असतात, पण ऐकतो कोण! त्याआधी ती ब्रह्मदेशच्या मुलीपासून मिळेल त्या 'परक्या' मुलीची कामे करीत आली होती. १९६२ साली तिला ऑस्कर मिळाले. आता तरी चांगली कामे येतील असे वाटले, तर पुन्हा तशीच गल्लीतल्या टोळक्याची कामे पुढे आली. ती तिने नाकारली आणि कित्येक वर्षे चित्रपट सोडून रंगभूमीवर काम केले. मिळालेल्या बक्षिसानंतर 'नाही' म्हणायला जास्त धीर लागतो, असे मला वाटते. साठ वर्षांनी, २०२२ साली, त्याच कथेच्या नव्या चित्रपटातल्या त्याच भूमिकेसाठी आरियाना डीबोस हिला ऑस्कर मिळाले. ती काळी आणि लॅटिना, दोन्ही आहे, आणि तिच्या तोंडाला कोणी रंग फासला नाही. जाता जाता एक : १९६२ ला मोरेनोने जपानी ओबीच्या रेशमाचा जो पोशाख घातला होता, तोच तिने २०१८ च्या समारंभात पुन्हा घातला. लग्नातली पैठणी नातवाच्या मुंजीत नेसणाऱ्या आपल्या बायकांना ह्याचे कौतुक वेगळे सांगायला नको.

राजकारणाकडे येण्याआधी डोलोरेस वेर्ता हिच्याविषयी बोलले पाहिजे. ही न्यू मेक्सिकोत १९३० साली जन्मली, कॅलिफोर्नियात वाढली आणि शिक्षिका झाली. वर्गात शेतमजुरांची मुले उपाशी आणि अनवाणी येत. मुलांना शिकवण्यापेक्षा त्यांच्या आईबापांना एकत्र आणले तर अधिक उपयोग होईल, असे ठरवून तिने नोकरी सोडली, आणि १९६२ साली सेझार चावेझ ह्यांच्याबरोबर शेतमजुरांची संघटना काढली. अकरा मुलांची आई! लोकांनी त्यावरूनही नावे ठेवलीच. १९६५ साली डेलानो गावी द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यांना जाऊन मिळाले. मळेवाले ऐकेनात तेव्हा द्राक्षांवर बहिष्कार घालायचे ठरले. हा बहिष्कार यशस्वी कोणी केला असेल? शहरोशहरीच्या गृहिणींनी! आपल्या आज्यांनी परदेशी कापडाची होळी केली, तशी त्या बायकांनी द्राक्षांकडे पाठ फिरवली. वेर्ता न्यूयॉर्कमध्ये राहून ते काम उभे करीत होती. १९७० साली मळेवाल्यांनी करार केले, आणि मालकांसमोर बसून कलमामागून कलम भांडून घेणारी तीच होती.

१९७२ साली ॲरिझोनात मजुरांविरुद्ध एक कडक कायदा झाला. तिथले कार्यकर्ते हताश होऊन म्हणू लागले की, इथे काही जमणार नाही. वेर्ता स्पॅनिशमध्ये उत्तरली, "सी, से प्वेदे," म्हणजे होय, जमेल. ते शब्द पुढे देशभर घोषणा झाले. पुष्कळ वर्षे लोक ते चावेझ ह्यांचे म्हणून सांगत. २००८ साली ओबामांनी त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द घेऊन निवडणूक जिंकली, आणि २०१२ साली तिच्या गळ्यात पदक घालताना, घोषणा तुमचीच चोरली, असे हसत कबूल केले. चाळीस वर्षांनी का होईना, शब्द धनिणीच्या नावावर चढले.

आता पिशवीवरच्या चिठ्ठीकडे परत येऊ. शाळेचे दार बंद करण्यासाठी जे नाव वापरले, तेच मागून घ्यायला ही मंडळी पुढे का सरसावली, हे कोडे वाटेल. त्याचे कारण खानेसुमारी. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या जागा, मतदारसंघांच्या हद्दी आणि सरकारी पैसा ह्या मोजणीवर ठरतो. मोजले गेला नाहीत तर तुम्ही नाहीच. १९७० साली काही घरांना तुमचा वंश मूळ कोठला असा प्रश्न विचारला, आणि त्यात 'मध्य किंवा दक्षिण अमेरिका' असा एक रकाना ठेवला. झाले! अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागांत राहणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यावर खुशाल खूण केली. मग १९८० पासून प्रत्येक घराला 'हिस्पॅनिक' म्हणून सरळ प्रश्न आला, आणि २००० साली त्याला 'लॅटिनो' हा शब्द जोडला. आपल्या मुलांनाही तो प्रश्न भरावा लागतो. ती 'नाही'वर खूण करून पुढे जातात. कार्यकर्त्यांनी आणि स्पॅनिश दूरचित्रवाणीने घरोघर सांगितले की, तुम्ही मेक्सिकोचे असा की प्वेर्तो रिकोचे, ह्या रकान्यात खूण करा. त्याआधी १९७५ साली मतपत्रिका स्पॅनिशमध्येही मिळण्याचा कायदा झाला होता. १९९० च्या मोजणीनंतर नवे मतदारसंघ आखले गेले, आणि १९९३ साली नीडिया वेलास्केझ आणि ल्युसील रॉयबल-अलार्ड ह्या दोघी प्रतिनिधिगृहात गेल्या. पहिली प्वेर्तो रिकोची, दुसरी मेक्सिकन घराण्यातली. त्या दोघींच्याही आधी, १९८९ साली, इलियाना रोस-लेह्टिनेन ही क्यूबात जन्मलेली बाई फ्लोरिडातून निवडून आली होती, आणि तीही रिपब्लिकन पक्षाकडून! सोनिया सोटोमायोर २००९ साली सर्वोच्च न्यायालयावर गेल्या. नऊ वर्षांच्या असताना वडील गेले, परिचारिका असलेल्या आईने ज्ञानकोश घेऊन दोन्ही मुलांना शिकवले. कॅथरिन कॉर्टेझ मास्टो २०१७ साली सिनेटमध्ये गेल्या, ती त्या सभागृहातली पहिली लॅटिना.

पण मोजणीचा रकाना एक, म्हणून मत एक, असे ज्यांनी धरले ते फसले. २०२४ च्या निवडणुकीत हे लोक मोठ्या संख्येने ट्रम्प ह्यांच्याकडे वळले. टेक्ससमधल्या स्टार परगण्यात जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. तिथे शतकाहून अधिक काळानंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला बहुमत मिळाले. पंडित चकित झाले. मला त्यांच्या चकित होण्याचेच नवल वाटते. सीमेवरच्या गावात चार पिढ्या राहिलेला, महागाईने त्रासलेला दुकानदार, आणि काल कागदपत्रांवाचून आलेला मजूर, दोघांचे आडनाव गार्सिया असले तरी दोघांच्या काळज्या एक कशा असतील?

शब्दावरूनही भांडण आहेच. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखेच लिंग शब्दाला चिकटते, पुरुष 'लॅटिनो' आणि बाई 'लॅटिना'. आपण नाही का, तो 'जातो' आणि ती 'जाते' म्हणतो! बायकांना पुरुषी शब्दात का गुंडाळायचे म्हणून काहींनी शेवटी एक 'एक्स' जोडून 'लॅटिनेक्स' असा शब्द काढला. हेतू चांगला, पण २०१९ साली पाहणी केली तेव्हा शंभरांत तिघेच तो स्वतःसाठी वापरत होते. स्पॅनिश जिभेवर तो बसेचना. आणि भाषेचे तर दुखणेच वेगळे. टेक्ससच्या शाळांत आवारात स्पॅनिश बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत असे. त्या मुलांनी मोठेपणी आपल्या लेकरांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले, आणि आज त्यांच्या नातवंडांना स्पॅनिश येत नाही म्हणून त्यांचेच लोक हसतात. आपली तिकडची नातवंडे आजीशी मराठीत दोन वाक्ये बोलून गप्प होतात, तेव्हा मला ती शिक्षा आठवते.

२०२४ साली सरकारने नवा नियम केला. आता वंशाचा आणि लॅटिनो असण्याचा प्रश्न वेगळा न विचारता एकाच यादीत विचारायचा. बहुतेकांना हे सोयीचे वाटले, कारण 'काळे की गोरे' ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे त्यांना कधी उमगतच नव्हते. पण क्यूबाच्या, डोमिनिकनच्या काळ्या लोकांनी हरकत घेतली. एकच खूण करून लोक मोकळे होतील, आणि आमचे काळेपण त्या मोजणीत बुडून जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढची जनगणना २०३० साली आहे. यंदा किंवा पुढल्या साली लेकीकडे जाल, आणि तिच्याकडे खोल्या आवरायला येणाऱ्या बाई दिसतील, तेव्हा त्यांना एकदा गाव विचारा. मी विचारले होते. ओआहाका म्हणाल्या, आणि पुढे अर्धा तास मोडक्या इंग्रजीत आम्ही दोघी मिरच्या वाळवण्याबद्दल बोललो. त्यांच्या आईची भाषा स्पॅनिश नव्हतीच, निराळीच काही होती.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत आणि बाहेर चहा निवतो आहे.